बर्फावरची हॉकी, आपली ठिक्कर आणि खेळाचा तास

शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम आम्ही काही माजी विद्यार्थी पाळीपाळीने करतो. आमच्यापैकी बहुतेकांची मुले आज याच शाळेत आहेत, त्यामुळे आम्ही पालकही आहोत. गेल्या महिन्यात एका शनिवारी आठवीतील एक मुलगी पुस्तक परत करायला आली आणि तिथेच घुटमळत राहिली. "काका, पक म्हणजे काय हो?" तिने विचारले. तिचा मावसभाऊ टोरांटोला असतो. तो बर्फावर हॉकी खेळतो आणि फोनवर तेवढेच बोलतो. पक, आयसिंग, पॉवर प्ले, फेस-ऑफ! हिला त्यातले काही कळत नाही आणि न कळल्याचे सांगायची लाज वाटते. वर्गात विचारले तर "परीक्षेत येणार आहे का?" असे उत्तर मिळाले.

आम्हांला तरी कुठे सगळे ठाऊक होते? पण थोडे वाचले होते, थोडे दूरदर्शनवर पाहिले होते. त्यावरून आम्ही तिला सांगितले, "पक म्हणजे कडक रबराची जाड, चपटी, गोल चकती. चेंडूऐवजी ती वापरतात." मुलीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आपल्या ठिक्करसारखी!"

त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. सांगायचे कारण आणखी एक आहे. मागील पालकसभेत दोन सूचना पुढे आल्या. पहिली, नववी-दहावीचा खेळाचा तास गणित आणि इंग्रजीला द्यावा. दुसरी, वार्षिक क्रीडादिनाचे धावते वर्णन यापुढे इंग्रजीतून करावे, म्हणजे पाहुण्यांवर छाप पडेल. दोन्ही सूचनांवर विश्वस्त मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे. तो होण्याआधी आमचे मत विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त या तिघांपुढे ठेवावे, एवढाच हेतू. पण आधी त्या मुलीचे उत्तर पुरे करू या. कारण उत्तर अर्धवट ठेवून मते मांडणे बरे नव्हे.

बर्फावरील हॉकीत एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू मैदानात असतात. एक गोलरक्षक, दोन बचाव करणारे आणि तीन चढाई करणारे. मैदानाला रिंक म्हणतात. उत्तर अमेरिकेत त्याची लांबी २०० फूट आणि रुंदी ८५ फूट असते. भोवती कठडा असतो, त्यामुळे पक बाहेर जात नाही, कठड्यावर आपटून परत येते. पकचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन साधारण १६० ते १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही, सरळ घसरत जाते. खेळ वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत चालतो. खेळाडू बुटाखालच्या पोलादी पात्यांवर इतक्या वेगाने धावतात की पाऊण मिनिटातच दम लागतो. म्हणून खेळ न थांबवता, चालू खेळातच खेळाडू बदलत राहतात. आपल्या मैदानी हॉकीतही आता असेच बदल करता येतात.

आता त्या मुलीला अडलेले शब्द. पंच दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकतो आणि खेळ सुरू होतो, तो फेस-ऑफ. आपल्या अर्ध्या भागातून पक सरळ भिरकावून दिली आणि ती कुणाचाही स्पर्श न होता पलीकडची गोलरेषा ओलांडून गेली, तर ते आयसिंग. म्हणजे संकटातून सुटण्यासाठी केलेली पळवाट. त्याची शिक्षा म्हणून फेस-ऑफ पुन्हा आपल्याच गोलाजवळ होतो. एखाद्याने आगळीक केली तर त्याला दोन मिनिटे बाहेर, एका छोट्या कोंडाळ्यात बसवतात. मोठी आगळीक असेल तर पाच मिनिटे. तेवढा वेळ त्याच्या संघाचा एक खेळाडू कमी असतो आणि दुसऱ्या संघाची जी चंगळ होते, ती पॉवर प्ले. दोन मिनिटांची शिक्षा चालू असताना समोरच्यांनी गोल केला, तर शिक्षा तिथेच संपते.

"पॉवर प्ले तर क्रिकेटमध्ये असतो!" असे तुम्ही म्हणाल. बरोबर. पण एकदिवसीय क्रिकेटमध्ये तो शब्द २००५ साली आला, बर्फावर तो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. उलट 'हॅट-ट्रिक' हा शब्द क्रिकेटकडून तिकडे गेला. १८५८ साली इंग्लंडमध्ये एका गोलंदाजाने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले आणि प्रेक्षकांनी वर्गणी काढून त्याला टोपी भेट दिली, अशी त्याची कथा आहे. बर्फावरच्या हॉकीत आज एखाद्याने एका सामन्यात तीन गोल केले की प्रेक्षक आपल्याच टोप्या मैदानात फेकतात! सांगायचे एवढेच, की खेळातले शब्द कुणा एकाच्या मालकीचे नसतात. ते पाहुण्यासारखे येतात आणि आवडले तर राहून जातात.

हा खेळ बंदिस्त जागेत, ठरलेल्या नियमांनी प्रथम खेळला गेला तो कॅनडातील माँट्रियल शहरात, ३ मार्च १८७५ रोजी. प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू होते. चेंडू उडून प्रेक्षकांना लागू नये म्हणून चपटा लाकडी तुकडा वापरला होता. म्हणजे पकचा जन्म प्रेक्षकांच्या काळजीतून झाला. पुढे १८९२ साली तेथील गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी एक चषक दिला. स्टॅन्ली चषक आजही खेळला जातो आणि त्यासाठी कॅनडा व अमेरिकेतील ३२ व्यावसायिक संघ झुंजतात. या संघांची संघटना १९१७ साली स्थापन झाली. त्यातील माँट्रियल, टोरांटो, बॉस्टन, शिकागो, डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क या सहा शहरांच्या संघांना जुन्या घराण्यांसारखा मान आहे. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९२० साली आला, तोही उन्हाळी ऑलिंपिकमध्ये. महिलांना मात्र १९९८ पर्यंत वाट पाहावी लागली.

खेळाडूंची नावे घ्यायची तर वेन ग्रेट्झ्कीपासून सुरुवात करावी लागेल. कॅनडातील ब्रँटफर्ड या गावच्या या मुलासाठी वडिलांनी घराच्या मागच्या अंगणात पाणी शिंपडून, ते गोठवून मैदान तयार केले होते. त्याने ८९४ गोल केले. हा विक्रम कुणी मोडेल असे वाटत नव्हते. ६ एप्रिल २०२५ रोजी रशियाच्या अलेक्झांडर ओवेचकिनने ८९५ वा गोल केला आणि तो मोडला. दुसरे नाव विली ओ'री यांचे. १८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टनकडून खेळताना ते त्या संघटनेतील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. त्यांचा एक डोळा अपघाताने निकामी झाला होता आणि खेळू देणार नाहीत या भीतीने ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली होती. तिसरे नाव गोलरक्षक झाक प्लांत यांचे. १ नोव्हेंबर १९५९ रोजी पक चेहऱ्यावर आदळून ते रक्तबंबाळ झाले. टाके घालून परत आले ते तोंडावर मुखवटा चढवूनच. तोवर गोलरक्षक उघड्या तोंडाने उभे राहत. मुखवटा घालणे म्हणजे भित्रेपणा, असे समजले जाई. आज मुखवट्याशिवाय कुणी गोलात उभा राहील का? चांगल्या गोष्टीलाही आधी हसून घेतात, हे विद्यार्थ्यांनी यातून जरूर लक्षात ठेवावे.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो.

त्या मुलीने पकला 'ठिक्कर' म्हटले. कुणाला वाटेल, लहान मुलीचे बोलणे ते, त्यात काय एवढे! पण जगभर या खेळाची नावे कशी पडली ते पाहा. रशियन लोक पकला 'शायबा' म्हणतात. शायबा म्हणजे नटबोल्टमध्ये घालतात तो वायसर. खेळाचे नावच तिथे 'शायब्याची हॉकी' असे आहे आणि प्रेक्षक गोल हवा असला की "शायबू! शायबू!" असा गजर करतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात फ्रेंच बोलतात. ते पकला 'रोंदेल' म्हणतात. त्याचाही अर्थ वायसर किंवा गोल काप. फिनलंडमध्ये खेळाचे नाव 'याकिएक्को', म्हणजे बर्फ-चकती. साधारण ५५ लाख वस्तीचा हा देश, म्हणजे आपल्या हैदराबादपेक्षाही लहान! त्यांनी इंग्रजी नाव घेतले नाही म्हणून त्यांचा खेळ अडला का? २०२२ साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सुवर्णपदक त्यांनीच पटकावले. स्वीडनने मात्र 'पक' हाच शब्द ठेवला आणि तेही उत्तम खेळतात. म्हणजे शब्द घरचा असावा की बाहेरचा, यावर खेळ अवलंबून नाही. तो आपल्या तोंडात सहज बसला पाहिजे, एवढेच.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर आपल्या पंजाबी बांधवांचे घ्या. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीचे धावते वर्णन २००८ पासून पंजाबी भाषेत होत आहे. वर्णन करणाऱ्यांनी पकला 'टिक्की' म्हटले, आपण खातो ती आलू टिक्की! जोरदार फटक्याला 'चपेड' म्हटले, म्हणजे चपराक. २०१६ साली निक बोनिनो या खेळाडूने गोल केल्यावर हरनारायण सिंग यांनी त्याचे नाव एका दमात पुन्हापुन्हा इतक्या रंगात घेतले की पंजाबीचा गंधही नसलेले गोरे प्रेक्षक ती फीत पुन्हापुन्हा ऐकू लागले. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या आजीआजोबांना इंग्रजी येत नव्हते, ते नातवंडांबरोबर बसून सामने पाहू लागले. एका भाषेने घरातल्या दोन पिढ्यांना एका सोफ्यावर आणून बसवले. यापेक्षा भाषेचा मोठा उपयोग कोणता?

आमची ही मुलगी टिक्की शब्द कधीच ऐकलेला नसताना 'ठिक्कर' म्हणाली. तिची जात एकच. ठिक्करबिल्ला आपल्या गल्लीत आजही खेळतात. खापराचा चपटा तुकडा, खडूने आखलेली घरे आणि लंगडी. शेजारच्या तेलुगू मुली याच खेळाला 'तोक्कुडु बिळ्ळ' म्हणतात. आमचा बिल्ला आणि त्यांचा बिळ्ळ, दोन्ही त्याच चकतीचे नाव. कुणी कुणाकडून घेतला हे आता कोण सांगणार? एका अंगणात खेळलेल्या शब्दांची वाटणी होत नसते.

याहून गमतीचे उदाहरण विटीदांडूचे. महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत विटीदांडू खेळताना मुले वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजतात. पुण्या-साताऱ्याकडच्या कुणाला विचारा, याचा अर्थ त्याला सांगता येणार नाही. पण गौलीगुड्यातल्या कोणत्याही मराठी मुलाला तो पटकन कळेल. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू! तेलुगूतले एक, दोन, तीन, चार. कधीतरी कुणी मुले कुणाबरोबर खेळली आणि आकडे तिकडे गेले. विटीबरोबर उडालेला शब्द केवढे अंतर कापतो पाहा! आपल्या समाजाची पिढ्यानपिढ्यांची वस्ती दोन भाषांच्या मध्ये आहे, याची काहींना खंत वाटते. आम्हांला तर हे आपले भाग्य वाटते. ज्या शब्दांचे कुलूप सगळ्या महाराष्ट्राला उघडत नाही, त्याची किल्ली आपल्या पोरांच्या खिशात आहे.

परकी वस्तू घरची कशी होते हे गौलीगुड्याला शिकवण्याची गरज नाही. अमेरिकेत तयार झालेला विमानांचा हँगर निजामाच्या काळात इथे येऊन उभा राहिला, त्याचे बसस्थानक झाले आणि आपल्या आजोबांनी औरंगाबाद-नांदेडच्या गाड्यांची वाट त्याच्याच सावलीत पाहिली. ५ जुलै २०१८ रोजी तो कोसळला तेव्हा घरातले कुणी गेल्यासारखे अनेकांना वाटले. मिसिसिपीचे नाव लावणारा तो पत्र्याचा मांडव कुणाला कधी परका वाटला होता का?

मराठीत खेळाचे शब्द घडवण्याची परंपरा जुनी आहे. क्रिकेट साहेबाचे. पण धाव, झेल, षटक, यष्टी, पायचीत हे शब्द आज कुणाला अवघड वाटत नाहीत. त्रिफळा उडाला म्हटले की तिन्ही दांड्या डोळ्यांसमोर येतात. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत वर्णन केले, वृत्तपत्रांनी ते शब्द रोज छापले, म्हणून ते रुजले. कबड्डीतली चढाई, पकड, निदान रेषा हे शब्द तर मैदानातूनच वर आले. लोण हा शब्द तसाच इंग्रजी वर्णनातही गेला. खो-खोचे तर काय सांगावे! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अनेक देशांच्या मुलामुलींनी 'खो' हा दोन अक्षरीसुद्धा नसलेला आपला शब्द न अडखळता म्हटला. पुरुष आणि महिला असे दोन्ही चषक भारताने जिंकले आणि दोन्ही संघांचे नेतृत्व प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. परदेशी मुलांना 'खो' म्हणायला लाज वाटली नाही. मग आपल्या मुलांना आपल्या क्रीडांगणावर मराठीत वर्णन करायला लाज का वाटावी?

याच शहरात घडलेली एक गोष्ट विश्वस्तांना ठाऊक असेलच. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले ते उर्दू माध्यमातून. त्याआधी १९१७ साली दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतराचा विभाग उघडला गेला. भौतिकशास्त्र, वैद्यक, कायदा, सगळ्यांसाठी शब्द घडवले गेले, ग्रंथ भाषांतरित झाले. देशी भाषेत उच्च शिक्षण देता येते हे दाखवणारा तो मोठा प्रयोग होता. १९४८ नंतर माध्यम बदलले आणि ते कष्टाने घडवलेले शब्द पाहता पाहता कपाटात गेले. आपल्या वडीलधाऱ्यांना त्या काळात मराठी शाळा चालवणे किती कठीण गेले तेही आपण ऐकून आहोत. या दोन्ही आठवणींतून आम्ही एकच धडा घेतो. शब्द घडवून पुरत नाही, तो रोज वापरावा लागतो. आणि रोज वापरण्याची मुलांची सगळ्यांत आवडती जागा वर्ग नव्हे, मैदान आहे.

आपण एक कबुली द्यायला हवी. आपल्या मुलांची मराठी आता सण, स्नेहसंमेलन आणि व्याकरणाचा पेपर एवढ्यापुरती उरत चालली आहे. गणपतीत आरती मराठीत, पण दुपारी पोरे भांडतात हिंदीत आणि जिंकल्यावर ओरडतात इंग्रजीत. ज्या भाषेत भांडता येत नाही आणि जिंकता येत नाही, ती भाषा देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी होते. आदर सगळे करतात, बोलत कुणी नाही. क्रीडादिनाचे वर्णन इंग्रजीत गेले, तर मुलांनी मोठ्याने, बेभान होऊन मराठी ऐकण्याची वर्षातली एक संधी जाईल. छाप कुणावर पडेल ते आम्हांला सांगता येणार नाही, पण आपल्या मुलांवर कोणती छाप पडेल ते मात्र नक्की सांगता येते.

आता खेळाच्या तासाबद्दल. दहावीच्या गुणांची चिंता आम्हांलाही आहे. आमचीही मुले त्याच परीक्षेला बसणार आहेत. गणिताचा अभ्यास वाढवू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण आठवड्यातले दोन तास काढून गणित सुधारेल, हे आम्हांला पटत नाही. दिवसभर बाकावर बसून आंबलेल्या मुलाला आणखी एक तास बसवले तर तो शरीराने बसेल, मनाने नाही. शिवाय इथली घरे लहान, गल्ल्या अरुंद, रस्त्यावर गाड्यांची गर्दी. पूर्वी आम्ही जांबागपासून सुलतान बझारपर्यंत कुठेही खेळत होतो. आज मुलांना मोकळेपणी धावायला शाळेच्या मैदानाखेरीज जागा कुठे आहे? मुलींची अडचण तर त्याहून मोठी. घरी आल्यावर मुलगे निदान गल्लीत जातात. मुलींसाठी शाळेतला तो तास हाच बहुधा एकमेव खेळ. तो काढून घेतला तर त्यांच्याकडे काय राहते?

लडाखच्या मुलींची गोष्ट या संदर्भात मुद्दाम सांगावीशी वाटते. भारतात बर्फावरची हॉकी मुख्यतः लडाखमध्ये वाढली. हिवाळ्यात गोठलेली तळी हेच मैदान. बर्फ टिकते जेमतेम दोन महिने. पुरुषांचा भारतीय संघ २००९ साली अबुधाबीला प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला. मुलींना २०१६ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी तैवानमध्ये त्यांचा संघ प्रथम उतरला आणि हरला. पुढच्या वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळवला. २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात त्यांनी कांस्यपदक जिंकले. ज्यांना वर्षातले दोन महिनेच मैदान मिळते, त्यांनी ते दोन महिने वाया घालवले नाहीत. आपल्याला बारा महिने मैदान आहे आणि आपण आठवड्याचे दोन तास द्यावेत की नाहीत याची चर्चा करतो!

हैदराबादला बर्फ पडणार नाही, हे आम्हांला कळते. पण हॉकीचे आणि या शहराचे नाते जुने आहे. मुकेश कुमार याच शहराचे. १९९२, १९९६ आणि २००० अशी तीन ऑलिंपिक ते खेळले. २००३ च्या आफ्रो-आशियाई स्पर्धांत गचीबावलीच्या मैदानावर भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी सुवर्णपदके जिंकली. २००५ साली प्रीमियर हॉकी लीगचे सामने तिथेच झाले, तेव्हा आपल्या घरांत मोठा पेच पडला होता. एकीकडे हैदराबाद सुलतान्स आणि दुसरीकडे मराठा वॉरियर्स, त्यात पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले! कुणासाठी टाळ्या वाजवायच्या? आम्ही दोघांसाठीही वाजवल्या. सुलतान्सनी ती स्पर्धा जिंकली तेव्हा आनंद झाला आणि आपले वॉरियर्स हरले म्हणून थोडे वाईटही वाटले. दोन घरे असलेल्या माणसाला हे असे दुप्पट सुख आणि दुप्पट दुःख असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये हैदराबाद तुफान्सचा संघ हॉकी इंडिया लीगच्या अंतिम सामन्यात एका गोलाने हरला, तेव्हा मात्र हळहळ एकाच बाजूची होती.

बर्फ नसले तरी चाके आहेत. चाकांचे स्केटिंग या शहरात चांगले रुजले आहे. इंदिरा पार्कमधील रिंकवर पहाटे जाऊन पाहावे. हैदराबादच्या अनुपकुमार यमा याने २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत स्केटिंगमध्ये पदके मिळवली. बर्फ नसलेल्या प्रांतांतली मुले आधी चाकांवर तोल सांभाळायला शिकतात आणि मग बर्फावर उतरतात. आपल्या शाळेतून उद्या कुणी लेहला खेळायला जाईल असे आमचे म्हणणे नाही. पण जायचे असेल तर त्याची सुरुवात खेळाच्या तासातच होईल, शिकवणीच्या वर्गात नव्हे.

केवळ टीका करून थांबणे योग्य नाही, म्हणून आमच्या काही सूचना. पहिली, नववी-दहावीचे खेळाचे दोन्ही तास ठेवावेत. गणिताला जास्त वेळ हवा असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर वर्ग घ्यावा. आमच्यातील दोघे बँकेतून निवृत्त झाले आहेत. ते विनामूल्य शिकवायला तयार आहेत. दुसरी, क्रीडादिनाचे धावते वर्णन मराठीतच व्हावे आणि ते मोठ्यांनी नव्हे, विद्यार्थ्यांनी करावे. पाहुण्यांसाठी अधूनमधून इंग्रजीत आणि तेलुगूत दोन वाक्ये सांगितली तर आमची हरकत नाही, उलट ते शोभूनच दिसेल. तिसरी, जिन्याजवळच्या भिंतीवर एक 'खेळशब्द फळा' लावावा. दर सोमवारी एका खेळाचा एक शब्द. तो मराठीत, तेलुगूत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहावा, खाली दोन ओळींत अर्थ. शब्द मुलांनीच शोधावेत. मराठी शब्द नसेल तर मूळ शब्द देवनागरीत लिहावा आणि अर्थ मराठीत. 'पक'ला 'पक' म्हणायला आमची ना नाही, पण तो समजावून सांगणारी वाक्ये आपली हवीत. ओढूनताणून घडवलेला शब्द कुणी वापरत नाही, हे उस्मानियाच्या कपाटांनी आपल्याला शिकवलेच आहे. या फळ्याला खर्च किती? एक फळा आणि खडूचा डबा. तो आम्ही देऊ.

यावर कुणी म्हणेल, पटसंख्या घटते आहे, इमारतीची दुरुस्ती बाकी आहे आणि तुम्ही ठिक्कर आणि टिक्कीच्या गोष्टी सांगता! हा आक्षेप खोटा नाही. विश्वस्तांच्या डोक्यावरचे ओझे आम्ही जाणतो. पण पालक मुलाला शाळेत घालताना काय पाहतात? इंग्रजी तर कोपऱ्याकोपऱ्यावरच्या शाळेत मिळते, आणि तिथे ते आपल्यापेक्षा चकचकीत मिळते. त्या शर्यतीत आपण नेहमी मागेच राहणार. आपल्याकडे आहे ते त्यांच्याकडे नाही. मैदान, चार भाषांत जगणारी मुले आणि मराठी. या तिन्ही गोष्टी एकाच तासात एकत्र येतात. तो तास मोडून आपण शाळा वाचवू, हे गणित आम्हांला तरी सुटत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी शेवटी एवढेच. न कळलेला शब्द विचारायला लाजू नका. "परीक्षेत येणार आहे का?" असे कुणी म्हटले तर वाचनालयात या, आम्ही शनिवारी असतो. आम्हांला ठाऊक नसेल तर आपण मिळून शोधू.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिलेच. परवा ती पुन्हा आली होती. रविवारी मावसभावाचा फोन आला, तेव्हा तिने त्याला आयसिंगचा नियम मराठीत सांगितला आणि पकला आपल्याकडे ठिक्कर म्हणतात असेही ठोकून दिले! तो पोटभर हसला. मग म्हणाला, "ताई, ठिक्कर म्हणजे काय ते मला सांग ना." तिने खापराचा एक तुकडा आणून फोनसमोर धरला आणि फरशीवर खडूने घरे आखून लंगडी घालून दाखवली. टोरांटोतल्या त्या मुलाने आयुष्यात प्रथमच ठिक्करबिल्ला पाहिला. मागून त्याच्या आईचा आवाज आला, "अगं, थांब थांब, पाय रेषेवर पडला तुझा!"

बारा हजार किलोमीटरवरून मावशीने बाद दिले, आणि तेही मराठीत. आमचे म्हणणे याहून वेगळे काही नाही.